वाचकांचे प्रश्न : दोन जर्मनी, दोन हिशोब

गेल्या अंकात बर्लिनच्या भिंतीवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रं आणि मेल थांबायलाच तयार नाहीत. भांडवलशाही भारी की साम्यवाद, यावर काही जणांनी तर आमच्याच पत्त्यावर एकमेकांशी भांडण मांडलंय. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून थोडे प्रश्न निवडले आणि शक्य तितकं जर्मनीवरच राहायचं ठरवलं, कारण अमेरिका आणि रशिया एवढं मोठं घेतलं की चर्चा अणुबॉम्ब आणि अंतराळात जाते आणि बाजारहाट राहून जातो. लोक एकच, भाषा एकच, हरलेलं युद्धही एकच, आणि १९४९ साली दोन वेगळे देश, दोन वेगळ्या सिस्टीम, पूर्वेला साम्यवादी, पश्चिमेला भांडवलशाही. तुलनेला याहून बरं उदाहरण सापडणं अवघड.

सर, पुस्तकात भांडवलशाही म्हणजे खाजगी मालकी आणि समाजवाद म्हणजे सरकारी मालकी असं दिलंय. पाठ करते पण डोक्यात काही शिरत नाही. प्रत्यक्ष कारखान्यात काय फरक पडायचा? (बारावीची विद्यार्थिनी, परभणी)

तुझी अडचण बरोबर आहे. दारावर पाटी कुणाच्या नावाची यापेक्षा कारखान्याच्या मॅनेजरला रोज सकाळी भीती कुणाची वाटायची, हे बघ म्हणजे कळेल. पूर्व जर्मनीतला बुटांचा कारखाना घे. जोड किती काढायचे, चामडं कुठून येणार, माणसं किती, बूट कितीला विकायचा, सगळं वरून ठरून यायचं, वर म्हणजे शेवटी बर्लिनमधला राज्य नियोजन आयोग, मॉस्कोच्या गोसप्लान या नियोजन खात्याच्या धर्तीवर १९५० साली उभा केलेला. तर या मॅनेजरला भीती प्लॅनची, गिऱ्हाइकाची नाही. बूट चावला तरी चालेल, आकडा भरला पाहिजे. बरं आकडा जास्त भरला तर पुढच्या वर्षी टार्गेट वाढवून मिळायचं, त्यामुळं हुशार मॅनेजर मुद्दाम थोडं कमीच दाखवायचा, चामडं गोदामात दडवून ठेवायचा, गरज नसताना माणसं धरून ठेवायचा, का तर कच्चा माल वेळेवर येईल याचा भरवसा नाही, आणि सगळेच असं दडवून बसल्यामुळं कच्चा माल खरंच वेळेवर यायचा नाही. खुद्द सोव्हिएत प्रमुख ख्रुश्चेव्हनं १९५९ मध्ये जाहीर तक्रार केली होती की आपल्याकडं झुंबरं सुंदर होण्याऐवजी वजनदार होतात, कारण प्लॅन टनात मोजतात.

पश्चिमेतल्या मॅनेजरला भीती गिऱ्हाइकाची आणि बँकेची. माल पडून राहिला तर कुलूप. म्हणून तो किंमत कमी करेल, डिझाईन बदलेल, नाहीतर माणसं काढेल, यातलं तिसरं विसरू नकोस.

पण पश्चिम जर्मनी म्हणजे मोकाट भांडवलशाही असं लिहिलंस तर मी तरी मार्क देणार नाही. २० जून १९४८ ला नवं चलन आलं, सुरुवातीला माणशी ४० मार्क हातात मिळाले, पुढं अर्थमंत्री झालेल्या लुडविग एर्हार्डनं बऱ्याच वस्तूंवरचं किंमत नियंत्रण उठवलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानांच्या काचेआड माल दिसायला लागला. जादू वगैरे काही नाही, व्यापाऱ्यांनी दडवलेला माल बाहेर काढला एवढंच. बहुतेक लोक ही गोष्ट इथंच थांबवतात. पुढं झालं असं की भाव चढले, पगार गोठवलेलेच होते, आणि त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला ९० लाखांहून जास्त कामगारांनी एक दिवसाचा संप केला. मग सरकारला हळूहळू पावलं उचलावी लागली. १९५१ च्या कायद्यानं मोठ्या कोळसा-पोलाद कंपन्यांच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या बाजूला गेल्या. १९५२ च्या कायद्यानं ज्यांची मालमत्ता युद्धात वाचली त्यांच्याकडून तिच्या निम्म्या किमतीएवढी रक्कम ३० वर्षांच्या हप्त्यांनी घेऊन ज्यांचं सगळं गेलं त्यांना द्यायचं ठरलं. आणि पश्चिमेचा पहिला चॅन्सेलर (म्हणजे पंतप्रधान) आडेनाउअर याच्या पक्षाचा, म्हणजे पक्क्या उजव्या पक्षाचा, १९४७ चा आलेन जाहीरनामा तर सरळ म्हणतो की भांडवलशाही व्यवस्था जर्मन जनतेच्या हिताची ठरलेली नाही! पलीकडं समाजवादी एसपीडी पक्षानं १९५९ मध्ये गोडेसबर्गला मार्क्सवाद सोडून बाजारपेठ मान्य केली. दोघं मधल्या गल्लीत भेटले.

पूर्व जर्मनीत नोकरीची हमी, घरभाडं नावाला, ब्रेड स्वस्त, पाळणाघर, शिक्षण, दवाखाना सगळं सरकारचं. मग लोक पळून का जात होते? आमची हयात हप्ते फेडण्यात गेली म्हणून विचारतो. (निवृत्त एसटी कर्मचारी, मिरज)

काका, तुम्ही लिहिलेलं सगळं खरंय. छोटा पाव ५ फेनिगला (१०० फेनिगचा एक मार्क), भाडं महिन्याला चौरस मीटरमागं साधारण एक मार्क, आणि बेकारी कागदावर तरी शून्य. तरीपण १९४९ पासून १३ ऑगस्ट १९६१ ला भिंत उभी राहीपर्यंत २५ लाखांहून जास्त माणसं निघून गेली, आणि त्यात तरुण, डॉक्टर, इंजिनिअर, कुशल कामगार यांचा भरणा मोठा.

कारण एकच नाही. पहिलं राजकीय. १९५३ च्या मे महिन्यात सरकारनं कामाचा कोटा १० टक्क्यांनी वाढवला, म्हणजे त्याच पगारात जास्त काम. पूर्व बर्लिनच्या ‘स्टालिन आले’ नावाच्या हमरस्त्यावरचे बांधकाम मजूर १६ जूनला काम टाकून बाहेर पडले, १७ ला देशभर आग पसरली, आणि सोव्हिएत रणगाडे आले. कामगारांचं राज्य म्हणवणाऱ्या देशात कामगारांचा संप रणगाड्यानं मोडला, त्यानंतर कुणी किती स्वस्त पाव खायला घातला तरी मनातून ते जात नाही. पश्चिमेतल्या १९४८ च्या संपाशी हे लावून बघा. तिथंही सत्तेवरच्यांना संप आवडला नव्हता, पण तो मोडायला रणगाडे आले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी लोक कामावर गेले.

दुसरं कारण त्या स्वस्ताईतच होतं. भाडं इतकं कमी की त्यात छपराची डागडुजी पण निघायची नाही, म्हणून लायपझिग, हाले अशा शहरांतल्या जुन्या पेठा अक्षरशः कोसळायला आल्या, आणि शहराबाहेर काँक्रीटच्या तयार भिंती जोडून नव्या वसाहती उभ्या राहिल्या. ब्रेड गुरांच्या खाद्यापेक्षा स्वस्त पडायचा तर लोक डुकरांना ब्रेड घालायचे. आणि जे स्वस्त नव्हतं ते मिळायचं नाही. त्राबांट गाडीसाठी दहा वर्षांहून जास्त वेटिंग, त्यामुळं जुनी वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग विकली जायची. आपल्याकडं स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं बसलेले आणि नंबर आल्यावर ऑन घेऊन विकणारे लोक तुम्ही पाहिले असतील, तेव्हा तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही. किंमत गोठवली की टंचाई जात नाही, ती रांगेत, ओळखीत आणि टेबलाखालून दिसायला लागते.

एक मात्र पूर्वेच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. दोघांची सुरुवात सारखी नव्हती. सोव्हिएतांनी युद्धाची भरपाई म्हणून पूर्वेतले कारखानेच्या कारखाने उचलून नेले, रेल्वेचा दुसरा ट्रॅक सुद्धा बऱ्याच मार्गांवरून उखडून नेला. पश्चिमेला अमेरिकेच्या मार्शल योजनेतून मदत आली. हे न सांगता नुसती १९८९ ची दुकानं शेजारी शेजारी ठेवून ‘बघा, सिद्ध झालं’ म्हणणारे लोक मला पटत नाहीत. पण ४० वर्षं गेल्यावर सगळाच दोष उखडलेल्या रुळांवर टाकणारेही पटत नाहीत.

त्राबांट खरंच पुठ्ठ्याची होती का? (कोल्हापूर)

नाही. बॉडी ड्युरोप्लास्टची, म्हणजे सोव्हिएत युनियनमधून आलेला वाया गेलेला कापूस आणि फिनॉलचं रेझीन दाबून केलेली, कारण चांगला पोलादी पत्रा मिळत नव्हता. गंजायची नाही हा फायदा. दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, धूर भरपूर, आणि बराच काळ पेट्रोलचा काटाच नव्हता, टाकीत पट्टी बुडवून बघायचं. १९५७ ते १९९१ मध्ये साधारण ३० लाख बनल्या.

मी ड्रेस्डेनला नोकरी करतो. ऑफिसमधले साठीच्या पुढचे सहकारी पूर्वीचे दिवस बरे होते म्हणतात, आणि भिंत परत बांधू का म्हटलं तर चिडतात. नक्की काय समजायचं? (एक मराठी इंजिनिअर)

दोन्ही खरं समजायचं. आणि तुम्ही नेमके ड्रेस्डेनला आहात म्हणून एक गंमत, पूर्व जर्मनीत बहुतेक ठिकाणी अँटेना फिरवला की पश्चिमेचा टीव्ही दिसायचा, ड्रेस्डेनच्या आसपासच्या खोऱ्यात तो पोचायचा नाही. बाकीचे लोक त्या भागाची ‘अडाण्यांचं खोरं’ म्हणून टिंगल करायचे.

आता सहकाऱ्यांचं. नोव्हेंबर १९८९ ला भिंत पडली, आणि १ जुलै १९९० ला पश्चिमेचं चलन पूर्वेत लागू झालं आणि पगार एकास एक दरानं बदलले. लोक खूश, साहजिक आहे. पण त्यामुळं पूर्वेच्या कारखान्याचा माल रातोरात महाग झाला, हंगेरी-रशियाचं जुनं गिऱ्हाईक मार्कात पैसे देऊ शकेना, आणि पूर्वेतल्या लोकांनाही तेव्हा पश्चिमेचंच दही आणि पश्चिमेचीच साबणवडी हवी होती. ट्रॉयहांड नावाच्या संस्थेकडं जवळजवळ सगळा सरकारी उद्योग विकायला दिला, साधारण ४० लाख कामगारांचा. १९९४ ला तिनं काम संपवलं तेव्हा नफा सोडाच, २५० अब्ज मार्कांहून जास्त तोटा हातात होता आणि त्यातल्या बहुतेक नोकऱ्या गेल्या होत्या. ज्या माणसानं आयुष्यात ‘बेकार’ हा शिक्का पाहिला नव्हता त्याला पंचेचाळिशीत तो लागला. तुमचे सहकारी त्या वेळी पंचविशी-तिशीत असतील, आईवडलांचं काय झालं ते त्यांनी बघितलंय.

बायकांचा हिशोब तर वेगळाच आहे. पूर्वेत जवळजवळ ९० टक्के बायका नोकरीत किंवा शिक्षणात, मूल लहान असलं तरी पाळणाघर हजर. पश्चिमेत १९७७ पर्यंत कायदाच असा होता की लग्न झालेल्या बाईनं नोकरी करायची तर ती संसाराच्या कर्तव्यात बसली पाहिजे. स्वातंत्र्याच्या गप्पा मारणाऱ्या बाजूला हे! अर्थात पूर्वेत बाई आठ तास कारखान्यात उभी राहून घरी आली की स्वयंपाकही तीच करायची, नवरा नाही, आणि येताना रांगेतही तीच. पण १९९० नंतर पाळणाघरं बंद पडायला लागली तेव्हा काय गेलं ते तिला कळलं. भिंत मात्र कुणालाच परत नकोय, कारण भिंतीसोबत ष्टाझी, म्हणजे गुप्त पोलीस येतात, ९१ हजार पगारी माणसं आणि वर खबरी, १ कोटी ६४ लाख लोकांवर नजर ठेवायला.

प्लॅनिंग फसलं कारण त्या काळी कॉम्प्युटर नव्हते. आजचा डेटा आणि एआय असता तर जमलं असतं. मान्य? (सॉफ्टवेअरवाला, हिंजवडी)

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, आणि उत्तर आहे नाही, निदान तुम्ही म्हणता त्या कारणानं नाही.

गणित त्यांच्याकडं होतं. लेनिनग्राडच्या लिओनिद कांतोरोविचनं १९३९ मध्येच, प्लायवूडच्या कारखान्याचा प्रश्न सोडवता सोडवता, लिनिअर प्रोग्रॅमिंगची, म्हणजे हाताशी आहे त्यातून जास्तीत जास्त उत्पादन कसं काढायचं याच्या गणिताची, पद्धत मांडली होती, १९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं, आणि तेही अमेरिकेतल्या कूपमान्ससोबत वाटून, शीतयुद्धात. कीव्हच्या व्हिक्टर ग्लुश्कोव्हनं देशभरातले कारखाने कॉम्प्युटरनं जोडायची योजना साठच्या दशकात दिली होती, ती खात्याखात्यांच्या भांडणात मुरली. खातं आपला खरा आकडा दुसऱ्याच्या मशीनमध्ये का टाकेल? वर बुटाचा मॅनेजर सांगितला ना, तो चामडं दडवून बसलाय. तो कॉम्प्युटरमध्ये पण खोटाच आकडा भरणार. मग मशीन कितीही फास्ट असो, खोट्याचाच गुणाकार जलद होईल.

बरं, सरकारला खरं काहीच कळत नव्हतं असंही नाही. पूर्व जर्मनीत सरकारला तक्रारअर्ज लिहायचा लोकांना हक्क होता आणि लोक दरवर्षी लाखोंनी लिहायचे, गळका नळ, न आलेली गाडी, न मिळालेला फ्लॅट. ष्टाझीचे अहवाल तर रांगेत कोण काय बोललं इथपर्यंत.

याचं सगळ्यात मस्त उदाहरण कॉफीचं. १९७५ ला ब्राझीलमध्ये हिमतुषार पडला, कॉफीचे भाव जगभर भडकले, आणि पूर्व जर्मनीकडं डॉलर-मार्कांची आधीच बोंब. मग १९७७ मध्ये सरकारनं अर्धी कॉफी आणि अर्धी चिकोरी, राय असलं काहीबाही घालून मिश्र कॉफी काढली. लोक इतके भडकले की विचारू नका, पूर्वेचा प्रमुख नेता होनेकर याच्या नावानं टिंगल, मशीनमध्ये ते पीठ अडकायचं त्याच्या तक्रारी, आणि ष्टाझीनं हे सगळं नीट टिपून वर पाठवलं. आता बघा, पश्चिमेत कॉफी महागली तर लोक शिव्या देत कमी प्यायले, गरीब माणसानं जास्त सोसलं, पण दोष ब्राझीलच्या थंडीला गेला. पूर्वेत किंमत सरकारच ठरवतं म्हटल्यावर कॉफीचा दोष पण सरकारलाच. सरकारनं दुसरा उपाय शोधला तो असा की १९८० मध्ये व्हिएतनामशी करार केला, यंत्रं, पाणी, रस्ते, घरं, दवाखाने पूर्व जर्मनीनं द्यायचे आणि निम्मी कॉफी घ्यायची. कॉफीचं झाड लावल्यावर फळ धरायला वर्षं जातात. पहिलं नीट पीक हाती यायला १९९० उजाडलं, आणि त्याच ऑक्टोबरला पूर्व जर्मनी नावाचा देश संपला. व्हिएतनाम आज कॉफीत जगात दुसऱ्या नंबरवर आहे.

म्हणजे माहिती वर जात होती, पण तिच्यामुळं वरच्या कुणाची खुर्ची हलत नव्हती. पश्चिमेत दुकान बंद पडायचं, संप व्हायचा, मंत्री पडायचा. पूर्वेत खुर्ची हलवायचा एकच मार्ग उरला होता, देश सोडून जाणं, आणि १९६१ ला तोही विटांनी बंद केला. शेवटी ऑक्टोबर १९८९ ला नियोजन आयोगाच्याच प्रमुखानं, गेरहार्ड श्यूररनं, पॉलिटब्युरोला, म्हणजे पक्षाच्या सगळ्यात वरच्या समितीला, लिहून दिलं की नुसतं कर्ज वाढणं थांबवायचं म्हटलं तरी पुढच्या वर्षी लोकांचं राहणीमान २५ ते ३० टक्के खाली आणावं लागेल. खरा आकडा वर पोचला म्हणायचा, भिंत पडायच्या दहा दिवस आधी. एआय काय करणार त्याला.

एवढे कट्टर शत्रू तर आपसात धंदा कसा चालायचा? (अडत व्यापारी, सांगली)

जोरात चालायचा. १९८३ मध्ये पूर्व जर्मनी पैशाविना अडकली तेव्हा १ अब्ज मार्कांचं कर्ज जमवून दिलं कुणी, तर पश्चिमेतल्या बव्हेरिया राज्याचा मुख्यमंत्री फ्रान्स योझेफ श्ट्राउसनं, ज्याच्याइतका कम्युनिस्टांना शिव्या देणारा नेता पश्चिमेत नव्हता. स्वतःच्या पक्षातले लोक चिडले, काही सोडून गेले. त्याहून वाईट धंदा माणसांचा. १९६३ पासून पूर्वेनं ३३ हजारांच्या आसपास राजकीय कैदी पश्चिमेला पैसे घेऊन सोडले, एकूण ३ अब्ज मार्कांहून जास्त घेतले. मार्क्सचं नाव घेणाऱ्या राज्यानं माणसाचा भाव ठरवला, आणि बाजाराचं नाव घेणाऱ्या राज्यानं तो मुकाट्यानं मोजला, ते बरंच केलं म्हणा, माणसं सुटली.

मग आपण कुठल्या बाजूचे होतो? (नाशिक)

दोन्हीकडचं घेणारे. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीनं, राउरकेला पश्चिम जर्मनीच्या, दुर्गापूर ब्रिटनच्या, तिन्ही साधारण एकाच काळात. पवईची आयआयटी युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर १९५८ ला उभी राहिली, मद्रासची पुढच्याच वर्षी पश्चिम जर्मनीच्या. बोकारोला अमेरिकेनं सरकारी कारखाना म्हणून पैसे द्यायला नाही म्हटलं तर सोव्हिएत आले. आणि ‘नेहरूंनी समाजवाद लादला’ म्हणणाऱ्यांनी १९४४ ची बॉम्बे योजना जरूर बघावी, त्यात जेआरडी टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकूरदास असे उद्योगपतीच सरकारी नियोजन आणि सरकारी नियंत्रण मागतायत, कारण अवजड उद्योगाला लागणारा पैसा आणि धोका त्यांना एकट्यानं नको होता आणि परदेशी स्पर्धाही नको होती. आपल्या महाराष्ट्रात तर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरानगरला तिसराच प्रकार केला, मालक शेतकरी, भांडवलाला हात सरकारचा आणि साखर बाजारात. त्याचं पुढं काय झालं हे नाशिककरांना मी सांगायला नको.

क्युबाबद्दल तिघांनी विचारलंय, ते पुढच्या अंकात घेऊ. चीनला अख्खा अंक लागेल, संपादक देतात का बघतो. आणि कृपा करून एकमेकांना ‘लालभाई’ आणि ‘अमेरिकेचे दलाल’ म्हणणारी पत्रं पाठवू नका, वाचतो पण छापत नाही.